बोटीने दुपार दिली आहे, तर दुपारचे पक्षी निवडा

सिंहगड रोडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या मुंबईहून क्रूझवर निघणार आहेत. बोट एक दिवस गोव्यात मुरगाव बंदरात थांबेल, सकाळी ८ ते संध्याकाळी ५. दुसऱ्या एका दिवशी कोचीत, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. सोबत यजमान आहेत, त्यांना पक्ष्यांची फारशी आवड नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. ताई दीड वर्षापासून पुण्याजवळच्या कवडी आणि पाषाणला पक्षी बघायला नियमित जातात, जवळ ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण आहे. कोचीहून तट्टेकाडच्या पक्षी अभयारण्यात जाऊन यावं का, गोव्यात कुठे जावं, आणि बोटीची सहल घ्यावी की स्वतःची टॅक्सी करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

मी २२ वर्षं पुण्यात आणि आसपास पक्षी बघतेय, आणि त्यातली बरीच वर्षं रविवारी सकाळी नव्या मंडळींना घेऊन जाते. क्रूझवरून उतरून पक्षी बघायला मी चारदा गेले आहे, दोनदा गोव्यात आणि दोनदा कोचीत. त्यातली एक खेप पार चुकली होती. तीही सांगते, कारण ताई नेमक्या तिथेच जायचं म्हणताहेत.

ताई, तुम्ही विचारलंय ‘कुठे जाऊ’, पण तुमची खरी अडचण जागेची नाही, वेळेची आहे. आपण पुण्याहून निघतो तेव्हा पहाटे पाचला गाडी काढतो, उजाडताना कवडीच्या बंधाऱ्यावर असतो आणि नऊ-साडेनऊला परतीला लागतो. पक्षी बघणाऱ्यांचा सगळा दिवस त्या तीन तासांत असतो. बोट तुम्हाला नेमके तेच तीन तास देत नाही. ती देते सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंतचा वेळ.

आधी हिशोब करू. कोचीत बोट ९ ला लागणार म्हणजे तुमचा पाय ९ ला जमिनीवर पडणार असं नाही. दोर बांधणं, कागदपत्रं, मग आधी बोटीच्या सहलींवाल्यांचे गट उतरतात. स्वतःहून जाणारे बंदराच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत दहा वाजलेच म्हणून समजा. सुटायची वेळ ६, पण प्रवाशांनी परत यायची वेळ साधारण तासभर आधीची असते. ती तुमच्या बोटीच्या रोजच्या पत्रकात छापलेली असेल, तीच खरी माना. आणि त्याच्याही तासभर आधी तुम्ही फाटकाशी असायला हवं. म्हणजे हातात राहिले सहा तास. गोव्यातही हिशोब असाच, नऊ ते तीन.

आता प्रश्न असा की या वेळात कोणते पक्षी दिसतात? सिंहगड व्हॅलीत तुम्ही गेला असाल तर आठवा. सात वाजता स्वर्गीय नर्तक, नाचण, माशीमार यांची नुसती धांदल चाललेली असते. दहा वाजले की तीच झाडी बंद दुकानासारखी. रानातले छोटे पक्षी रात्रभर उपाशी असतात, उजाडताच खाऊन घेतात आणि ऊन चढलं की पानाआड जाऊन बसतात. पाण्यावरच्या पक्ष्यांचं तसं नाही. शेकाट्याला, बगळ्याला, तुतवाराला चिखल उघडा पडला की खायचं असतं, मग बारा वाजलेले असोत नाहीतर चार. आणि घारी-गरुडांना तर ऊन चढायलाच हवं. जमीन तापून हवा वर जायला लागली की ते पंख न हलवता वर चढतात. दहानंतर आकाश बघायचं असतं, हे मी माझ्या रविवारच्या मंडळींना दर वेळी सांगते.

म्हणून माझं उत्तर असं आहे: बोटीच्या दिवशी रानात जाऊ नका. पाणी, चिखल आणि आकाश यांच्याकडे जा.

आता तट्टेकाड. जागा अप्रतिम आहे यात वादच नाही. सालिम अलींनी १९३३ साली त्रावणकोर आणि कोची संस्थानांतल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं, तेव्हापासून पेरियार नदीकाठचं हे जंगल पक्ष्यांसाठी नावाजलेलं आहे. १९८३ साली तिथे अभयारण्य झालं आणि त्याला त्यांचंच नाव दिलं. क्षेत्रफळ फक्त २५ चौरस किलोमीटर, पण पक्ष्यांची गर्दी अशी की केरळात पक्षी बघायला जाणारा प्रत्येक जण तिथे दोन-तीन रात्री राहायचं बघतो. ‘रात्री राहायचं’ हे शब्द लक्षात घ्या.

मी गेले होते ती बोटीवरून, पहिल्याच खेपेला. कोचीपासून साठेक किलोमीटर. नकाशावर ते अंतर पुणे-लोणावळ्याएवढंच दिसतं. पण तो रस्ता एक्सप्रेसवे नाही. गावांमागून गावं, प्रत्येक चौकात बस उभी. सव्वादहाला निघालेली टॅक्सी पाऊण वाजता पोचली. जंगल चिडीचूप. लांब कुठेतरी तांबट एकसुरी आवाज करत होता, तेवढाच.

तिथल्या वाटाड्याने मात्र मला एक गोष्ट दाखवली. बांबूच्या बेटात, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक वाळकं पान लटकत होतं. त्याने बोट दाखवलं, मी पान बघितलं. त्याने पुन्हा बोट दाखवलं. मग त्या पानाला मिशा दिसल्या, चोचीच्या मुळाशी राठ केसांचा झुपका, आणि त्याच्या वर अर्धवट मिटलेला डोळा. श्रीलंकन फ्रॉगमाउथ, बेडकासारख्या रुंद तोंडाचा निशाचर पक्षी. दुसरं पान त्याला चिकटूनच बसलं होतं, रंगाने जास्त तांबूस, ती मादी. दोघंही वाऱ्याबरोबर किंचित डोलत होती, खरी पानं डोलतात तशीच. मी दहा मिनिटं हलले नाही.

त्या दहा मिनिटांसाठी मी पाच तास गाडीत काढले. येताना एका लग्नाच्या वरातीमागे अडकलो आणि मी बोटीवर चढले तेव्हा जिना उचलायला वीस मिनिटं उरली होती. सगळा परतीचा रस्ता मी घड्याळ बघत काढला, खिडकीबाहेर काय होतं ते आजही आठवत नाही. सोबत सत्तरीच्या बाई असत्या तर त्यांचे काय हाल झाले असते, या विचाराने मला आजही कसंतरी होतं. म्हणून तट्टेकाड नको. फ्रॉगमाउथ बघायचाच असेल तर तो आपल्या बाजूलाही आहे. गोव्यात मोले भागात किंवा आपल्या तिलारीच्या जंगलात दोन रात्री मुक्कामाला जा आणि पहाटे व संध्याकाळी शांतपणे बघा. त्याच्या वाट्याला तेवढा वेळ यायला हवा.

मग बोटीवरची सकाळ वाया गेली का? मुळीच नाही. बहुतेक प्रवासी त्या वेळी झोपलेले किंवा नाश्त्याच्या रांगेत असतात, आणि बोट तेव्हाच खाडीच्या तोंडाशी येते. तुमचे हरवलेले तीन तास डेकवर आहेत. सहा-सव्वासहालाच वर जा. उघड्या समुद्रात पक्षी विरळ असतात. तासभर काही दिसणार नाही, मग एकदम दहा सुरय (टर्न) आणि त्यांच्या मागे लागलेला एखादा स्कुआ. स्कुआ स्वतः मासा पकडायच्या फंदात फारसा पडत नाही, सुरयाचा पिच्छा पुरवून त्याच्या चोचीतला हिसकावतो. किनारा जवळ येईल तसे कुरव (सीगल) वाढत जातात. मग मासेमारीच्या होड्या, आणि प्रत्येक होडीमागे पांढऱ्या पंखांचा घोळका.

डेकवर दुर्बीण धरायची एक रीत आहे. बोटीचं इंजिन सगळ्या लोखंडात थरथरत असतं. कोपर कठड्यावर टेकवलात तर तो थरकाप दुर्बिणीत येतो आणि पक्षी धूसर दिसतो. कोपर अंगाला चिकटवा, पाय थोडे फाकवून उभ्या राहा, पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. वाऱ्याच्या आडोशाची बाजू निवडा. ८×४२ अगदी योग्य आहे. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण घेऊन आलेले लोक डेकवर वैतागलेले मी पाहिलेत. आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर उभ्या राहा. बाराव्या मजल्यावरून सुरय म्हणजे वरून दिसणारा पांढरा ठिपका, त्याची चोच दिसत नाही की डोकं दिसत नाही.

तुमच्या तारखांमुळे एक जास्तीची शक्यता आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या सुरुवातीला अमूर ससाणे आपल्या लोणावळ्यावरून जातात, तुम्ही तिथे पाहिलेही असतील. कबुतराएवढा हा शिकारी पक्षी तिथून पुढे अरबी समुद्र सलग उडून ओलांडतो आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागतो. मला समुद्रावर तो अजून एकदाही दिसलेला नाही, पण मी दर वेळी बघते. तुम्हीही बघा. लांब, टोकदार पंखांचे काही पक्षी एका दिशेने, पाण्याकडे ढुंकूनही न बघता चाललेले दिसले, तर ते सुरय नाहीत हे ध्यानात ठेवा.

आता गोवा. इथे सगळं भरती-ओहोटीवर आहे. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि सगळे चिखलपक्षी त्यावर पसरतात. भरतीला चिखल बुडतो, ते पक्षी उडून कुठेतरी दाटीवाटीने बसून राहतात, पण कांदळवनातल्या चिंचोळ्या पाटांमध्ये होडी शिरू शकते आणि खंड्यांची मजा सुरू होते. दोन्ही चांगलं, पण कुठलं मिळणार हे आधी कळलं तर दिवस नीट आखता येतो. त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक फोनवर मिळतं. पण आपल्या कोकणातला जुना हिशोबही शिकून ठेवा, मला तो अलिबागच्या एका नाखवांनी शिकवला: तिथीची पाऊणपट करायची. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला पूर्ण भरती, पहाटे आणि संध्याकाळी. तिच्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेदहाच्या आसपास. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून हा पाऊण तासाचा हिशोब जमतो. तो मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला बसतो. खाली गोव्यात भरती त्याहून थोडी लवकर येते, तेवढं धरून चाला. कालनिर्णय उघडून तुमच्या मुरगावच्या दिवशीची तिथी बघा, घरबसल्या अंदाज येईल.

सकाळी ओहोटी असेल आणि सासूबाई बोटीवरच थांबणार असतील, तर चोडण बेटावर जा. मांडवीतल्या या बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, जवळजवळ सगळं कांदळवन. मुरगावहून पणजीमार्गे रायबंदरला यायला तासभर किंवा थोडं जास्त, तिथून फेरीबोटीने पलीकडे पाच-दहा मिनिटं, आणि उतरलं की अभयारण्य जवळच. फेरीबोटीतही दुर्बीण गळ्यातच ठेवा, ब्राह्मणी घारी अगदी डोक्यावरून जातात. चिखलावर आधी निवट्या दिसतील, पाण्याबाहेर येऊन पुढच्या परांवर सरपटणारे ते डोळेबाहेर मासे. निवट्या दिसल्या की त्यांना खाणारेही आलेच.

पण तुमच्या घरच्यांचा विचार केला तर मी चोडणऐवजी कुठ्ठाळी सुचवेन. जुवारीच्या पुलाखालच्या धक्क्यावरून पक्षी बघायला होड्या सुटतात. मुरगावपासून हे ठिकाण चोडणच्या निम्म्याच अंतरावर आहे, आणि मधे जुवारीचा पूल ओलांडावा लागत नाही. परतीच्या घाईत पूल मधे नसणं फार मोलाचं. होडीला छप्पर आणि बसायला बाकं असतील याची बुकिंग करतानाच खात्री करून घ्या. सासूबाई सावलीत बसतील, चालायला नको, आणि यजमानांना मगर दिसण्याची चांगली शक्यता आहे. जुवारी-मांडवीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा मगरींसाठी प्रसिद्ध आहे. चिखलावर ऊन खात पडलेली मगर बघून ज्याला पक्ष्यांत रस नाही असा माणूसही होडीतून उठून उभा राहतो. मी हे पाहिलंय. फक्त होडी आधी फोन करून ठरवा, वेळ पक्की करा आणि परतायची वेळ नावाड्याला दोनदा सांगा.

या होडीत तुम्हाला खंड्यांसाठी जायचंय. पुण्यात आपल्याला तीन-चार प्रकारचे भेटतात. इथे कांदळवनात काळ्या डोक्याचा खंड्या आहे, जांभळट निळी पाठ, पोटाला नारिंगी झाक आणि लालभडक चोच. घोंगी खंड्या आहे, चोच इतकी जाड की डोकं मागे पडतं. आणि कॉलर्ड किंगफिशर, पश्चिम किनाऱ्यावर थोड्याच ठिकाणी सापडणारा, निळसर हिरव्या पाठीचा, गळ्याभोवती स्वच्छ पांढरा पट्टा असलेला. त्याच्यासाठी घाई करू नका. नावाड्याला इंजिन बंद करायला सांगा आणि प्रवाहाबरोबर होडी वाहू द्या. एकदा असंच वाहत असताना तो माझ्यापासून वीस फुटांवर एका मुळावर येऊन बसला, चोचीत खेकडा. त्याने तो मुळावर तीनदा आपटला, एक नांगी तुटून पाण्यात पडली, मग त्याने उरलेला खेकडा उलटा करून गिळला. होडीत सहा माणसं होतो, कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही.

वेळ उरला तर करमळीचं तळं आहे, जुन्या गोव्याजवळ. अडई, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी. पण हे सगळं तुम्हाला पुणे-भिगवणात मिळतं, त्यामुळे त्यासाठी जीव टाकू नका.

कोचीत भरती-ओहोटीचं गणित बदलतं. उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, गोव्यात दोन मीटरच्या आसपास, कोचीत जेमतेम मीटरभर. म्हणून तिथे चिखलाची मोठी मैदानं शोधत बसू नका. तिथे पोक्कळीची शेतं बघा. खाऱ्या पाण्यात तगणारं हे भाताचं वाण पावसाळ्यात लावतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत कापतात, आणि मग एप्रिलपर्यंत त्याच खाचरांत खाडीचं पाणी घेऊन कोळंबी वाढवतात. गोव्याच्या खाजणांसारखाच प्रकार, बांध आणि पाण्याची दारं. डिसेंबरात तुम्ही जाल तेव्हा खाचरं पाण्याने भरलेली असतील, आत भाताचे खुंट कुजत असतील, आणि त्यावर वाढलेल्या कोळंबीवर बगळे, पाणकावळे, जांभळे बगळे, सुरय तुटून पडलेले असतील.

त्यासाठी कडमकुडीला जा. शहराच्या उत्तरेला छोट्या बेटांचा हा समूह आहे. बंदर विलिंग्डन बेटावर आहे, तिथून कंटेनर रोडने साधारण पाऊण ते एक तास. बेटांवरचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना पाणी. गाडी हळू चालवायला सांगा आणि शक्य तिथे गाडीतूनच बघा. गाडी थांबली तर बगळा उडत नाही, दार उघडलं की उडतो. सासूबाईंना गाडीतून उतरावंच लागणार नाही. एक गोष्ट मात्र पाळा: डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून तुमचं तोंड उत्तरेकडे असेल अशी बाजू निवडा. पाण्यावरची तिरीप डोळ्यांत गेली की पांढरा बगळाही काळा दिसतो. बारानंतर दूरवरची हवाही थरथरायला लागते, तेव्हा शंभर मीटरच्या आतलं तेवढंच बघा.

साडेबाराला तिथून निघून जेवा, आणि दोनच्या सुमाराला फोर्ट कोचीला या. इथे यजमान आणि सासूबाईंना चिनी जाळी बघायला मिळतील, सेंट फ्रान्सिस चर्च बघायला मिळेल. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला आणि आधी तिथेच पुरला गेला होता. तुम्ही जाळ्यांपाशीच थांबा. प्रत्येक जाळं म्हणजे लाकडाचा भला मोठा सांगाडा, मागे दोरांना दगड बांधलेले. चार-पाच जण दोर खेचतात, दगड खाली येतात, जाळं पाण्यातून वर. त्या क्षणाची वाट बघत लाकडावर बगळे ओळीने बसलेले असतात. जाळं वर येताना पाणी गळत असतं आणि त्या गळत्या पाण्यातूनच ब्राह्मणी घार खाली येते, न थांबता एक मासा पंजात उचलते, आणि उडता उडताच पाय पुढे घेऊन खाते. दर काही मिनिटांनी हे पुन्हा. एवढ्या जवळून घारीच्या डोळ्याचा रंग दिसतो. खाडीच्या तोंडाशी डॉल्फिनही असतात, पाण्यावर नजर असू द्या. साडेतीनला निघा.

कोचीच्या सकाळी डेकवर मात्र डाव्या बाजूला उभ्या राहा. बोट आत शिरते तेव्हा उजवीकडे फोर्ट कोची, डावीकडे वैपिन बेट. सगळे प्रवासी जाळ्यांचे फोटो काढायला उजवीकडे जमतात, आणि त्या वेळी ऊन तिकडूनच डोळ्यांत येतं. प्रकाश डाव्या बाजूला चांगला असतो, आणि गर्दीही नसते.

बोटीची सहल की टॅक्सी? ताई, हे तुमच्या धीरावर आहे. बोटीने ठरवलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट साधारणपणे तिच्यासाठी थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी थांबणार नाही. पण त्या सहलींत पक्ष्यांना जागा नसते. चाळीस माणसं, चर्च, मसाल्याचं दुकान, जेवण. मी टॅक्सी करते, कारण मी निवडलेल्या जागा बंदरापासून साधारण तासाभराच्या अंतरावर असतात. हीच माझी मर्यादा. त्याहून फार लांब जायचं असेल तर बोटीची सहल घ्यावी किंवा जाऊच नये. टॅक्सी दिवसभरासाठी एकच ठरवा, ती बहुतेक फाटकाबाहेरच उभी राहील, आणि चालकाला बोट सुटायची वेळ सांगू नका, तुम्हाला फाटकाशी यायची वेळ सांगा. कोचीत ४, गोव्यात ३. बोटीचं कार्ड आणि आधार कार्ड खिशात असू द्या, फाटकावर दोन्ही लागतात.

आणखी एक, आणि हे गांभीर्याने घ्या. मुरगाव आणि कोची दोन्हीकडे बंदराच्या आसपास नौदल आहे. कोचीत तर दक्षिण नौदल कमांडचं मुख्यालयच आहे. युद्धनौकेच्या डोलकाठीवर कितीही सुंदर गरुड बसलेला असो, तिकडे दुर्बीण किंवा कॅमेरा रोखू नका. बंदराच्या आवारात दुर्बीण पिशवीतच ठेवा.

आणि कुरवांना खायला घालू नका. एलिफंटाच्या लाँचवर आणि भिगवणच्या होडीत लोक शेव-गाठी उधळतात, कुरव हातातून उचलतात, व्हिडिओ छान येतो. सायबेरियापासून आलेल्या पक्ष्याला तळलेलं, खारवलेलं पीठ चारून आपण त्याचं पोट बिघडवतो आणि माणसाच्या मागे उडायची सवय लावतो. डेकवर कुणी चिप्स उधळताना दिसलं तर शांतपणे सांगा. मी सांगते, आणि बहुतेक लोक ऐकतात.

निघण्याआधी दोन रविवार कवडीला काढा. नवे पक्षी शोधायला नको, तुतवार, शेकाट्या, वंचक, छोटा बगळा आणि नदी सुरय हे पाचच पक्षी प्रत्येकी दहा-दहा मिनिटं बघा. तुतवार शेपूट कसा सारखा खाली-वर करतो, उडताना पंख कसे ताठ ठेवतो, वंचक दबा धरताना मान कुठे लपवतो. हे पाच डोळ्यांत बसले की किनाऱ्यावर जो पक्षी यांच्यासारखा वागत नाही तो आपोआप वेगळा दिसतो, आणि मग त्याचं नाव शोधायला संध्याकाळी बोटीवर भरपूर वेळ असतो. वहीत तिथल्या तिथे दोन ओळी लिहा: चोच केवढी, पाय कुठल्या रंगाचे, काय करत होता. फोटो नसला तरी चालेल.

दुसऱ्या रविवारी यजमानांनाही न्या, पण पहाटे नको. साडेदहाला न्या, बोटीवरून उतराल त्या वेळेला. त्या उन्हात कवडीवर काय काय हलतं ते दोघांनी मिळून बघा आणि मला कळवा. मुरगावच्या दिवशीची तिथी कळवलीत तर चोडण की कुठ्ठाळी हेही नक्की सांगेन.